आडनाव काय म्हणलात? – सिडकोची सोडत, साताऱ्यातल्या सोसायट्या आणि आपले शेजारी

एन-सातकर (धागाकर्ता)

मंडळी, संभाजीनगरच्या सिडकोतलं, एन-७ मधलं आमचं रो-हाऊस भाड्यानं द्यायचंय. आम्ही दोघं आता साताऱ्यात मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलोय. (बीड बायपासच्या पलीकडचा, खंडोबाचा सातारा. कंदी पेढ्यांचा नव्हे.) एका एजंटाला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न: "काका, कोण कोण चालेल?"

मला वाटलं, बॅचलर की फॅमिली असं विचारतोय. म्हणलं, फॅमिली असली तर बरं. तर म्हणे, "तसं नाही हो. समाज कोणता चालेल ते सांगा. मी तसेच लोक आणतो, तुमचाबी टाइम वाचल." अगदी साध्या आवाजात. वरचा मजला की खालचा विचारावं तसं.

मी म्हणलं, कोणीपण चालेल. पलीकडं दोन सेकंद शांतता. मग, "बरं, बघतो." त्याला आता तीन आठवडे झाले. फोन नाही.

आता मूळ मुद्दा. १९८४ साली आमचं घर सिडकोच्या (सरकारी घरबांधणी महामंडळाच्या) सोडतीत लागलं. तेव्हा मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला, आणि आम्ही गुलमंडीच्या मागं एका वाड्यात दोन खोल्यांत. सोडत म्हणजे चिठ्ठी. शेजारी कोण येणार ते आपल्या हातात नाही, त्याच्याही हातात नाही. आमच्या ओळीत बारा घरं होती. उजवीकडं जालन्याचे मारवाडी, कापडाच्या दुकानात मुनीम. डावीकडं एसटीतले कंडक्टर, बौद्ध, मूळचे गंगापूर तालुक्यातले. समोर दूरध्वनी खात्यातले एक मुस्लिम गृहस्थ, त्यांच्या पलीकडं वैजापूरचे मराठा मास्तर, मग एक तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब, आणि कोपऱ्यावर मिशनच्या दवाखान्यात काम केलेल्या ख्रिश्चन सिस्टर. पहिले सहा महिने कोणी कोणाशी धड बोलेना. मग उन्हाळा आला, नळाचं पाणी कमी झालं आणि टँकर. टँकरनं ओळख करून दिली. कोणाची बादली कुठं, कोण रांगेत घुसलं, कोणाचं पोरगं शहाणं, सगळं एका महिन्यात कळलं.

आता इथं साताऱ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस फ्लॅट. सगळी माणसं चांगली आहेत, भांडण नाही. पण परवा गणपतीच्या वर्गणीची यादी वाचली तर आडनावं बदलतात तेवढीच. बाकी देवक जुळावं अशी यादी. एकही मुस्लिम नाही, बौद्ध नाही, मारवाडी नाही. कोणी पाटी लावलेली नाही. मी बिल्डरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "आम्ही कुठं कोणाला अडवतो? लोकच आपापले बघून येतात."

तुमच्या कॉलनीत कोण कोण राहतं? जात, धर्म, भाषा, जिल्हा, काय मोजायचं ते मोजा. फक्त मराठा आरक्षणाचं हैदराबाद गॅझेट इथं उघडू नका, त्यासाठी तीन धागे चालू आहेत.

नहरीचा पाणक्या

छान धागा. पण हे शहर वसलं तेच मुळी कोण कुठला हे न विचारता, हे लक्षात घ्या.

१६१० साली खडकी वसवली ती मलिक अंबरनं. हा माणूस जन्मानं हबशी, आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदाद करत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. पाणी आणलं ते त्यानंच, नहर-ए-अंबरी. आपण ज्याला 'आपलं जुनं शहर' म्हणतो त्याचा संस्थापक आफ्रिकी होता आणि त्याची कबर खुलताबादला आहे. वंशाचा विषय काढायचा तर इथून काढा.

मग १६५३ला औरंगजेब सुभेदार म्हणून आला, शहराचं नाव बदललं आणि राजपूत सरदारांचे पुरे वसले. करणपुरा बिकानेरच्या करणसिंहाचा, पदमपुरा त्याच्याच मुलाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजांचा, भावसिंगपुरा बुंदीच्या हाडांचा. नवरात्रात आपण करणपुऱ्याच्या देवीला जातो, रेवड्या-बत्तासे घेतो, तेव्हा एका बिकानेरी छावणीत फिरत असतो. पाणचक्कीचे बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे. रोहिला गल्लीतले रोहिले पठाण.

म्हणजे जुनं शहर मिश्र होतं. पण गल्ली मात्र एकजातीय. पुरा ज्याचा त्याचा. शहर सगळ्यांचं, आळी आपली. ही पद्धत जुनी आहे, एन-सातकर. अपवाद तुमची सोडत होती.

खडीसाखर

+१, पण सोडतीचं एवढं कौतुक नको. सिडकोनं माणसं मिसळली हे खरं, पण पगार बघून मिसळली. अल्प उत्पन्न गटाची घरं वेगळी, मध्यमची वेगळी, एन-१चे मोठाले प्लॉट वेगळे. आमची हडकोतली ३०० फुटांची खोली आणि एन-१चा बंगला एका सोडतीत नव्हते. एन-१मध्ये आमच्या आईनं वीस वर्षं धुणीभांडी केली. तिथं ती 'चालत' होती.

एन-सातकर

खडीसाखर, मान्य. मी आमच्या ओळीपुरतं बोललो. बारा घरांत जात बारा प्रकारची आणि पगार एकाच प्रकारचा, हे आज लिहिताना पहिल्यांदा डोक्यात आलं.

जयभीम मुकुंदवाडी

मी लिहू का नको विचार करत होतो.

माझे वडील परभणी जिल्ह्यातले. १९७८ला २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्याकडं वस्त्या पेटल्या. आमचं घर जळालं नाही, पण मळ्यावरचं काम बंद झालं, दुकानात सामान मिळेना. वडील आधी एकटे आले, मिलिंद कॉलेजात शिकणाऱ्या चुलतभावाच्या खोलीवर नागसेनवनात. मग मुकुंदवाडीत पत्र्याची खोली. आई आणि आम्ही नंतर. आमच्या वस्तीत निम्मी घरं अशीच आलेली. कोणी ७२च्या दुष्काळात रोजगार हमीचं काम संपल्यावर, कोणी ७८ नंतर. एजंट ज्याला 'समाज बघून वस्ती' म्हणतो ती आम्ही हौसेनं केली नाही. जिथं भीती वाटत नव्हती तिथं खोली घेतली.

आता आडनावाचं. आमचं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही असतं. त्यामुळं मला भाड्याचं घर बघताना पहिली पायरी सहज पार होते. चहा येतो. मग दुसरा प्रश्न: "कुठले तुम्ही?" मी गाव सांगतो. तिसरा: "म्हणजे वाड्यातले का?" मी हसतो. मग वहिनी आतून विचारतात, "देवघराला जागा पुरंल ना?" मी म्हणतो, आमच्याकडं बुद्धवंदना असते. यानंतर घरमालकाला एकदम आठवतं की त्याच्या पुतण्याचं पण घराचं चाललंय आणि ते दोन दिवसांत कळवतो. मी बँकेत अधिकारी आहे. कर्ज मंजूर करताना त्याच माणसाच्या कागदांवर माझी सही लागते.

शेवटी फ्लॅट विकत घेतला. विकत घेताना कोणी विचारत नाही, हे आपलं माझं निरीक्षण. पैसे रोख दिसले की देवघर आठवत नाही.

चेलीपुरा चौक

भाई, तुम्हाला निदान चहा तरी मिळतो. आमचं नाव फोनवरच कळतं.

मी मराठीतच लिहितो, शाळा मराठी माध्यमाची. घरी दख्खनी, 'हौ', 'नक्को', 'कायकू'. पुण्याचे मित्र म्हणतात तू हैदराबादचा का. मी म्हणतो, एका हिशोबानं हौ.

आमचं आडनाव चाऊस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: निजामाच्या फौजेत हद्रमौतहून, म्हणजे येमेनमधून, अरब शिपाई आले. चाऊस हा मुळात फौजेतला हुद्दा, तुर्की शब्द. परभणी, बीड, नांदेड, जालना, कुठल्याही गावात एखादं तरी चाऊस घर सापडेल. आज आमच्यात अरबी कोणाला येत नाही. भाकरी आणि येसराची आमटी मात्र येते.

दादा गंगाखेडकडच्या खेड्यातले. सप्टेंबर १९४८ला पोलीस ॲक्शन झाली, त्यानंतर खेड्यांत जे झालं त्यात त्यांनी जमीन मिळेल त्या भावात सोडली आणि शहर गाठलं. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला मी पोराला घेऊन जातो, रझाकारांचं जे झालं ते बरंच झालं. पण आमच्या घरात ती तारीख दोन प्रकारे आठवतात, एवढं नोंदवून ठेवतो.

आता सिडकोचं. वडिलांना पण सोडतीत घर लागलं होतं, एन-सातकर. तुमच्याच बाजूला. पोरं बजरंग चौकात क्रिकेट खेळायची. १९८८ला महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि मे महिन्यात दंगल. आमच्या ओळीत आम्हाला कोणी बोट लावलं नाही, उलट शेजारच्यांनी चार दिवस डबे दिले. पण अम्मीला झोप लागेना. दोन वर्षांत घर विकलं, कमी भावात, आणि कटकट गेटकडं आलो. वडील म्हणायचे, लोक चांगले होते पण लोक रात्री झोपतात ना.

तर तुमच्या ओळीत आज एकही मुस्लिम घर नसेल तर ते सोसायटीवाल्यांच्या आधी कधी झालं, ते पण बघा.

एन-सातकर

चाऊस भाऊ, आमच्या समोरचे दूरध्वनी खात्यातले पण त्याच सुमारास गेले. आम्ही समजत होतो, बदली झाली.

हातोडा

हे सगळं ठीक आहे हो पण आपल्या माणसांनी आपल्यात राहिलं तर बिघडलं काय? मांसाहाराचा वास, लाऊडस्पीकर, बोकड कापणं, उद्या त्रास झाला की हेच लोक

*[संपादक: प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरची दोन उत्तरं काढली आहेत. मुद्दा मांडा, माणसं मोजा, शिव्या मोजायला लावू नका.]*

काळा कोट

हातोडा यांच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर देतो, कारण दर पंधरा दिवसांनी माझ्याकडं कोणीतरी हेच विचारायला येतं.

घटनेचं कलम १५ मुख्यतः शासनाला बांधतं, शिवाय दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांना. तुमच्या खाजगी फ्लॅटचा भाडेकरू निवडताना ते थेट आड येत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढं अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीचं प्रकरण होतं. उपविधीत सभासद पारशीच असावा असं कलम. न्यायालयानं ते टिकवलं, सहकारी संस्थेला आपले सभासद ठरवण्याची मुभा आहे म्हणून. कोणी कौतुक केलं, कोणी डोकं धरलं. मी डोकं धरणाऱ्यांतला.

अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवलं तर १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९चा ॲट्रॉसिटीचा आहे. पण 'दोन दिवसांत कळवतो' हे वाक्य कोर्टात कसं सिद्ध करायचं? पुराव्यात मौन दाखल होत नाही.

बीड टू एडिसन

वाचून राहवलं नाही. मी मूळचा बीडचा, सध्या न्यू जर्सीत. इथल्या उपनगरांची गोष्ट तुमच्या सोडतीच्या उलट दिशेनं गेली, म्हणून सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन नावाची वसाहत झाली, १९४७ पासून. एकसारखी हजारो घरं, परत आलेल्या सैनिकांसाठी, स्वस्त. अमेरिकी उपनगराचा नमुना म्हणून तिचं नाव घेतात. तिच्या करारात छापील कलम होतं: घरात गोऱ्या वंशाखेरीज कोणी राहायचं नाही. पुढचं वाक्य असं की, घरकामाचे नोकर मात्र चालतील. खडीसाखर, तुमच्या आईचं वाचलं आणि मला हेच कलम आठवलं. १९४८ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी कलमं कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत, तरी कंपनीनं काळ्यांना घरं विकली नाहीत. १९५७ला पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये पहिलं काळं कुटुंब राहायला आलं तर घरासमोर जमाव आणि दगड. घर विकताना-भाड्यानं देताना वंश बघायचा नाही असा देशभराचा कायदा १९६८ला झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात.

गंमत म्हणजे त्याच बिल्डरनं न्यू जर्सीत तिसरं लेव्हिटाउन काढलं. तिथं राज्याच्या न्यायालयानं त्याला घरं सर्वांना विकायला लावली. त्या गावाचं नाव आता विलिंगबरो, आणि आज तिथं बहुसंख्य वस्ती काळ्यांची आहे. आधी मिसळ झाली, मग गोरे हळूहळू निघून गेले. कोणी कोणाला हाकललं नाही. 'लोकच आपापले बघून' गेले.

आणि आमचं एडिसन? निम्म्याहून अधिक लोक आशियाई मुळाचे, त्यात सगळ्यात जास्त आपण. ओक ट्री रोडवर गेलात तर औरंगपुऱ्यात आल्यासारखं वाटेल, फक्त पार्किंग मिळतं. इथं जनगणनेचा फॉर्म दर दहा वर्षांनी तोंडावर वंश विचारतो आणि तुम्ही स्वतः खूण करायची. १९७०ला भारतीय माणूस गोऱ्यांत मोजला जायचा, १९८० पासून 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र रकाना आला. चाऊस भाईंसाठी: अरबांना ते कालपरवापर्यंत गोऱ्यांत धरत होते, वेगळा रकाना करायचं २०२४ला ठरलं.

त्या एका रकान्यात आम्ही सगळे. पण आत गेल्यावर तेलुगू संघटना वेगळी, गुजराती समाज वेगळा, महाराष्ट्र मंडळ वेगळं. आणि मंडळात नवीन कोणी आलं की चहाच्या कपासोबत पहिला प्रश्न काय, हे सांगायला हवं का?

जयभीम मुकुंदवाडी

"कुठले तुम्ही?"

बीड टू एडिसन

अगदी.

हजूरी

नांदेडवाले गप्प का?

आमच्याकडं बघा. गुरू गोबिंदसिंगजी १७०८ला इथंच ज्योतीज्योत समावले. सचखंड हजूर साहिबची आजची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या काळातली, १८३२ ते ३७. पंजाबातून फौज निजामाकडं आली, दिवाण चंदूलालच्या वेळी, आणि आमचे पूर्वज इथलेच झाले. आम्हाला हजूरी किंवा दख्खनी शीख म्हणतात. सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरहून येणारा भाविक मला विचारतो, "पाजी, आप कहाँ से?" मी म्हणतो, इथूनच. त्याला पटत नाही. मग मी रिक्षावाल्याशी मराठीत भाव करतो, मग पटतं.

नांदेडात चार कोसावर भाषा बदलत नाही, चार गल्ल्यांवर बदलते. गुरुद्वाऱ्याच्या भोवती आम्ही, इतवाऱ्यात मुस्लिम, पद्मशाली घरांत तेलुगू, देगलूरकडून आलेल्यांत कन्नडचीही भेसळ, किनवट-माहूरहून आलेले बंजारे आणि आदिवासी. उस्मानशाही मिल चालू होती तोवर हे सगळे एका भोंग्यावर उठायचे. मिल गेली.

गोदावरीपलीकडं सिडको झाली, नवीन नांदेड. तिथं मात्र एन-सातकर म्हणतात तसंच, आधी मिसळ. २००८ला गुरु-ता-गद्दीच्या (ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याच्या) त्रिशताब्दीला रस्ते रुंद झाले, गावाचं रूप पालटलं. मालेगाव रोड, तरोडा, तिकडं आता प्लॉटिंग. कोणत्या लेआउटमध्ये कोण, हे ब्रोकर डोळे मिटून सांगतो. होळीच्या हल्लाबोल मिरवणुकीला मात्र सगळं नांदेड रस्त्यावर असतं. आमचा घोडा जातो तेव्हा आडनाव कोण विचारतो. बाजूला व्हावं लागतं.

कानबाईचा रोट

बजाजनगर, वाळूज. १९८५च्या सुमारास बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आमचे वडील धुळ्याहून आले. 'काय करी ऱ्हायना भो' हे वाळूजच्या कंपनी गेटवर जेवढं ऐकू येतं तेवढं शहराच्या दुसऱ्या कुठल्या भागात येत नसेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत कानबाई (खान्देशातली देवी) बसते, रोट होतात. शेजारी बुलढाण्याचे, त्यापलीकडं केजचे, वरच्या मजल्यावर बिहारचे चौघं जण एका खोलीत.

इथं जातीआधी जिल्हा. "आमचा जळगावचा आहे, लावा त्याला लाइनवर." ठेकेदार पण तसेच. सुपरवायझर ज्या तालुक्यातला त्या तालुक्याची शिफ्ट. आषाढीला छोट्या पंढरपूरला गर्दी होते तेव्हा दिंडीत बोली ऐकत चला, निम्मा महाराष्ट्र सापडेल.

बिहारच्या पोरांना मात्र खोली द्यायला अजून कां कूं. भाडं डोक्यामागं घेतात, एका खोलीचं चारदा. त्याला कोणी जात म्हणत नाही, धर्म म्हणत नाही. 'परप्रांतीय' म्हणलं की भागलं.

येळवस

लातूरकर हजर. संभाजीनगरच्या कोणत्या कॉलनीत लातूर-धाराशिवचे किती, हे ओळखायची सोपी रीत सांगतो. वेळ अमावास्येला सकाळी गल्लीत फिरा. ज्या घरी अंबिल आणि भज्जी, ती आमची. शेत नसलं तरी गच्चीवर बसून खातेत. जनगणनावाल्यानं याच दिवशी यावं.

बाकी आमच्या लातुरात कोचिंगमुळं सगळ्या मराठवाड्याची पोरं आहेत. खोलीमालक विचारतो, नीट का जेईई? बस. पोरगं पास होऊन गेलं की पुन्हा आडनाव सुरू.

नहरीचा पाणक्या

आकडे कोणी टाकलेच नाहीत, म्हणून टाकतो. २०११च्या जनगणनेत आपल्या महापालिका हद्दीत ११,७५,११६ माणसं. १९९१ला ५,७३,२७२ होती. वीस वर्षांत दुप्पट. धर्मानं पाहिलं तर हिंदू ५१ टक्क्यांच्या आसपास, मुस्लिम ३१च्या जवळ, बौद्ध १५. महाराष्ट्रात एवढी तिहेरी शहरं फार नाहीत.

पण हे ५१, ३१, १५ म्हणजे घड्याळाचा नुसता तासकाटा. ५१मध्ये मराठा, वंजारी, धनगर, माळी, बंजारा, मारवाडी, ब्राह्मण, पद्मशाली सगळे. ३१मध्ये चाऊस, रोहिले, बागवान, मोमीन, कुरेशी. आणि देशभरातले जातवार पूर्ण आकडे १९३१ नंतर जाहीर झालेले नाहीत. २०२७च्या जनगणनेत जात विचारणार असं केंद्रानं जाहीर केलंय. तेव्हा कळेल कोण किती. कोण कुठं, हे तेव्हाही एजंटालाच विचारावं लागेल.

येमेनी विद्यार्थी राहिले. विद्यापीठात बरीच वर्षं अरब देशांतली मुलं येतात, त्यात येमेनची खूप. चाऊस भाऊंचे पणजोबा जिथून निजामाच्या चाकरीला आले तिथूनच आता पोरं पीएचडीला येतात.

चेलीपुरा चौक

आमच्या गल्लीत दोघं राहतात. अम्मीनं त्यांना हौसेनं सांगितलं, आम्ही पण तिकडचेच. त्यांनी अरबीत काहीतरी विचारलं. अम्मी म्हणाली, "नक्को बाबा, चाय पिओ."

खडीसाखर

गुंठेवारी कोणी काढली नाही. गावठाणाबाहेर वीस बाय तीसचे प्लॉट, बाँड पेपरवर. २००१ला नियमित करायचा कायदा झाला, २०२१ला मुदत वाढवली. शहराच्या कडेनं जी वाढ झाली ती बरीचशी अशीच. प्लॉट पाडणारा आधी आपल्या भावकीत विकतो, मग भावकी आपल्या पाहुण्यांत. कॉलनीचं नाव वाचलं की कळतं, कोणत्या महापुरुषाच्या नावानं कोणती वस्ती. सातारा-देवळाई आधी ग्रामपंचायत, मग थोडे दिवस नगरपरिषद, मग महापालिका. तोवर कोण कुठं बसायचं ते बसून झालं होतं. एन-सातकर, तुमच्या बिल्डरच्या माणसाला दोष देऊ नका, तो या सगळ्याच्या कितीतरी नंतर आला.

एक विचारू? तुमच्या मुलानं तो फ्लॅट कसा निवडला?

एन-सातकर

उशिरा उत्तर देतोय, प्रश्न चुकवायचा विचार होता.

मुलाला विचारलं. म्हणाला, "ऑफिसातल्या मित्रानं सांगितलं, चांगली सोसायटी आहे, आपलेच लोक आहेत." मी म्हणलं, एन-सातला तुझा सगळ्यात जवळचा मित्र कोण होता? कंडक्टरसाहेबांचा मुलगा. दोघं एका सायकलवर शाळेत जायचे. तो कुठं राहतो आता? म्हणे, बहुतेक भावसिंगपुऱ्याकडं. 'बहुतेक' म्हणाला.

घराचं: एजंट सोडून दिला. फाटकावर स्वतःच पाटी लावली, "घर भाड्याने देणे आहे", खाली नंबर. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. घाटीत (सरकारी दवाखान्यात) नर्स आहेत, नवरा शेंद्र्याला कंपनीत. मी खोल्या सांगायला लागलो तर मधेच म्हणाल्या, "काका, आधी आमचं आडनाव सांगते, नंतर प्रॉब्लेम नको. दोनदा चावी देऊन परत घेतलीय." आणि आडनाव सांगितलं.

मला पटकन काही सुचेना. मी म्हणलं, पाणी आठवड्यातून एकदा येतं, टाकी हजार लिटरची आहे, चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल, पण भाडं हजारानं कमी करा. कमी केलं नाही. रविवारी बघायला येणार आहेत.

येळवस

काका, पाचशे तरी कमी करा की.

चेलीपुरा चौक

एन-सातकर, एक अवांतर. आपल्या त्या ओळीच्या टोकाला पिठाची गिरणी होती, मालक पोरांना फुटाणे द्यायचा. अजून आहे का?

एन-सातकर

गिरणी आहे. मालक गेले, सून चालवते. ज्वारी सकाळी, गहू दुपारी. फुटाणे बंद झालेत.